अण्णा संध्याकाळी एवढे का चिडतात, आणि औषधाआधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील, म्हणजे अण्णा, ७९ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, विटा डेपोतून रिटायर झाले. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं, आई गेल्यावर गावचं घर बंद करून तुम्ही त्यांना सांगलीला तुमच्याकडे आणलंत. गेले काही महिने संध्याकाळचे पाच वाजले की 'मला घरी जायचंय, ड्युटी आहे' असं सुरू होतं, दाराची कडी ओढत बसतात, अडवलं की अंगावर येतात. आंघोळीच्या वेळी त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशींना मारतात. जावयाने पेन्शनचे पैसे घेतले असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आणि गेल्या आठ-दहा दिवसांत हे सगळं अचानक खूप वाढलंय, रात्रभर जागे, दिवसा मधेच गुंगीत, फॅमिली डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलाम दिली तर त्यानंतर जास्तच बिघडलं, आणि आता घरातलेच कुणी म्हणतायत की शांत होण्याचं इंजेक्शन देऊन टाका.

मी वृद्धांच्या मानसोपचारात काम करते, डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), पेशंट आणि त्यांच्या घरचे हेच माझं रोजचं काम. तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेत असं मला वाटतं. एक काही महिन्यांचा आहे आणि एक आठ-दहा दिवसांचा. आधी दुसऱ्याकडे बघू कारण तो तातडीचा आहे.

डिमेन्शिया महिन्यांच्या, वर्षांच्या हिशोबाने वाढतो. आठ दिवसांत माणूस एवढा बदलला, दिवसा झोपाळलेला आणि रात्री उठून भलतंच काहीतरी बघतोय बोलतोय, एका तासाला ठीक आणि पुढच्या तासाला ओळखत नाही, असं झालं की त्यावर पहिला संशय डिलिरियमचा घ्यायचा. म्हणजे शरीरात कुठेतरी काहीतरी बिनसलंय आणि आधीच कमजोर असलेला मेंदू ते सहन करू शकत नाहीये. डिलिरियममागचं कारण सापडलं की बहुतेक वेळा माणूस बऱ्यापैकी पूर्वपदावर येतो, थोडे दिवस किंवा आठवडे लागतात. आणि कारण न शोधता नुसतं झोपवून ठेवलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून इंजेक्शनचा विचार आत्ता बाजूला ठेवा, आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांना सांगा की 'हे आठ-दहा दिवसांत नवीन सुरू झालंय, डिलिरियम आहे का ते बघा'. 'अण्णा फार चिडतात' एवढंच सांगितलं तर चिडण्यावरचं औषध मिळतं, कसं आणि कधीपासून ते सांगितलं तर तपासणी होते.

काय बघायचं ते सांगते. पोट साफ कधी झालं होतं? चार दिवस शौचाला न झालेला म्हातारा माणूस किती अस्वस्थ होतो ते घरच्यांच्या लक्षात येत नाही कारण तो 'पोट दुखतंय' असं सांगतच नाही, तो मावशींना ढकलतो. लघवी तुंबली आहे का? या वयात प्रोस्टेट बहुतेकदा वाढलेलं असतं, थेंब थेंब लघवी होतेय, डायपर सारखा थोडा थोडा ओला होतोय म्हणजे लघवी होतेय असं आपण धरून चालतो आणि आत मूत्राशय गच्च भरलेलं असतं. बेंबीखाली हात लावून बघा, टणक फुगलेलं लागतंय का, आणि सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर आत किती उरते ते बघायला सांगा. लघवीच्या इन्फेक्शनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, या वयात बऱ्याच लोकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात, त्यामुळे रिपोर्टमधे पस सेल्स दिसल्या म्हणून तिथेच शोध थांबवायचा नाही. ताप, थंडी वाजणं, लघवी करताना कळवळणं असं काही असेल तर गोष्ट वेगळी.

रक्तातलं सोडियम नक्की तपासा. साधारण १३५ ते १४५ असतं. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमधे लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, त्याने वयस्कर माणसांचं सोडियम उतरतं आणि मग गोंधळ, गुंगी, चिडचिड. शुगरची गोळी चालू असेल, खास करून ग्लिमेपिराइड, आणि अण्णा हल्ली नीट जेवत नसतील तर शुगर खाली जातेय का ते बघा, संध्याकाळी पाचला त्रास होतो म्हणताय तर त्याच वेळी एकदा ग्लुकोमीटर लावून बघाच. पाणी किती पितात तेही मोजा, सांगलीच्या उन्हाळ्यात हे नुसत्या अंदाजावर सोडायचं नाही.

मागच्या महिना-दोन महिन्यांत कुठे पडले होते का? अगदी किरकोळ, बाथरूमशी घसरून डोकं भिंतीला लागलं असं सुद्धा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जातं आणि आठवड्यांनी लक्षणं दिसतात, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर जास्तच शक्यता. त्याला सीटी स्कॅन लागतो.

आता गोळ्या. घरातल्या सगळ्याच्या सगळ्या, म्हणजे मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या, खाजेच्या, झोपेच्या, आयुर्वेदिक, सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. अल्झायमरमधे मेंदूतलं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन कमी झालेलं असतं, डोनेपेझिलची गोळी ते टिकवायला मदत करते. आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खाजेसाठीचं हायड्रॉक्झिझिन, नसांच्या दुखण्याला देतात ते अमिट्रिप्टिलिन, लघवी आवरायला देतात ते ऑक्सिब्युटिनिन, थरथरीवरचं ट्रायहेक्सिफेनिडिल, ही सगळी त्याच रसायनाचं काम अडवतात. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं असा प्रकार होतो. वर यातल्या काहींनी लघवीही तुंबते आणि पोटही साफ होत नाही, म्हणजे तिन्ही बाजूंनी डिलिरियमला आमंत्रण.

अल्प्राझोलाम देऊन जास्त बिघडलं म्हणालात, ते मला अजिबात नवल वाटत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या पेशंटमधे गोंधळ वाढतो, तोल जातो, आणि काही जणांना शांत व्हायच्या ऐवजी उलटाच परिणाम होऊन ते आणखी बेफाम होतात. तुम्ही ती थोडेच दिवस दिलीये, तरी परस्पर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत बंद करा. महिनोन्‌महिने चालू असलेली गोळी अचानक तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते म्हणून हे सगळ्यांनाच सांगते.

आणि दुखणं. हे मी वेगळं लिहितेय कारण हे सगळ्यात जास्त सुटतं. गुडघे, कंबर, कवळीखाली आलेला फोड, किडलेली दाढ, आत वाढलेलं पायाचं नख, मूळव्याध, माकडहाडापाशी सुरू झालेलं बेडसोर. अण्णांना 'दुखतंय का' विचारलं तर 'नाही' म्हणतील. विचारू नका, बघा. कुशीवर वळवताना, शर्टाच्या बाहीत हात घालताना, उठवताना चेहरा आक्रसतो का, कुठे हात लावला की हात झटकतात. नॉर्वेच्या नर्सिंग होम्समधे ३५२ डिमेन्शिया पेशंटचा एक अभ्यास झाला होता, २०११ साली छापून आला, त्यात काही गटांना ठरलेल्या पायऱ्यांनी नुसती वेदनेची औषधं दिली, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल, आणि आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता बाकीच्या गटांपेक्षा साधारण १७ टक्क्यांनी जास्त कमी झाली. साध्या पॅरासिटामॉलने! डॉक्टरांना विचारून अण्णांना काही दिवस ठरलेल्या वेळेला पॅरासिटामॉल देऊन बघण्यासारखं आहे, लिव्हरचा त्रास नसेल तर, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं तेव्हा डबल जाणार नाही हे बघून.

जाता जाता कानातला मळ, चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू बघून घ्या. कमी ऐकू येणारा, अंधुक दिसणारा माणूस अर्धा वेळ घाबरलेलाच असतो.

हे सगळं झालं आणि आठ दिवसांचा भाग निवळला की मग उरतो तो महिन्यांचा प्रश्न, संध्याकाळ, आंघोळ, पैसे. यावर पण मी तुम्हाला लगेच औषध सांगणार नाही. आधी आठवडाभर एक वही ठेवा. रोजची डायरी नको, तेवढा वेळ तुम्हाला नाही मला माहितेय, फक्त जेव्हा जेव्हा भडका उडतो तेव्हा चार ओळी: किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं, नेमकं काय केलं, आणि कशाने शांत झाले. 'चिडले' असं लिहू नका, 'मावशींनी बनियन काढायला हात घातला तेव्हा मनगट पकडलं' असं लिहा. आठवड्याने वाचलं की बहुतेक घरात दोन-तीनच प्रसंग परत परत येताना दिसतात, आणि मग उपाय त्या दोन-तीन प्रसंगांवरच करायचा असतो. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवलात तरी चालेल, पण तो डॉक्टरांपुरताच, नातेवाइकांच्या ग्रुपवर अजिबात नाही. कपडे अस्ताव्यस्त असलेले, ओरडणारे अण्णा सगळ्या खानदानाने बघावेत असं त्यांना शुद्धीत असताना कधीच चाललं नसतं.

संध्याकाळचं बोलू. दिवेलागणीला अस्वस्थ होणं हे या आजारात इतकं नेहमीचं आहे की त्याला सनडाउनिंग असं नावच आहे. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेलं असतं, दिवसभराचा शीण साठलेला असतो, उजेड कमी झाला की भिंतीवरच्या सावल्या माणसांसारख्या दिसतात, खिडकीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि ते कुणीतरी परकं माणूस आहे असं वाटतं. त्यात आपल्या घरात नेमक्या त्याच वेळेला सगळा गलबला, पोरं क्लासवरून येतात, कुकर लावलेला, टीव्हीवर सिरियलमधली भांडणं, मावशींची जायची वेळ म्हणून त्या चप्पल घालून पर्स उचलून दाराशी उभ्या. हा शेवटचा प्रकार तुमच्याकडे नक्की बघा. एक माणूस पिशवी घेऊन घरी निघालंय हे बघितलं की 'मला पण निघायचंय' हे त्यांच्या मनात येणारच. मावशींना मागच्या खोलीतून, अण्णा दुसरीकडे बसलेले असताना निघायला सांगा.

पाचला सुरू होतं तर तुमची तयारी चारला हवी. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास तरी अंगावर पडू द्या, गच्चीत खुर्ची टाकून बसवा, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका. चारला हात धरून थोडं चालवून आणा. साडेचारला काहीतरी खायला, भाकरीचा कुस्करा दुधात, उपमा, केळं, जे आवडतं ते, कारण भूक हेही मोठं कारण असतं. चहा दुपारनंतरचा कमी करा. बाहेर अंधारायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढा, लाइट जाण्याचा प्रकार होत असेल तर त्या खोलीत इन्व्हर्टर नाहीतर आपोआप लागणारा इमर्जन्सी दिवा ठेवा, अचानक अंधार झाला की पुढचे दोन तास गेले म्हणून समजा. आणि टीव्ही बंद. बातम्यांमधला आरडाओरडा त्यांना घरातच चाललाय असं वाटतं.

आता 'घरी जायचंय'. आपण काय म्हणतो? 'अहो अण्णा, हेच तुमचं घर'. ते म्हणतात नाही. आपण म्हणतो 'गावचं घर बंद केलं ना आपण, आई गेली मागच्या वर्षी'. आणि बायको गेल्याची बातमी त्या माणसाला परत एकदा पहिल्यांदाच कळते. आज कळते, उद्या परत कळते. हे करू नका. खरं-खोटं शाबित करण्याने डिमेन्शियात काहीच साधत नाही कारण ज्या भागाने ते पटायचं तो भागच आता काम करत नाहीये, भावना मात्र शाबूत असतात आणि प्रसंग विसरला तरी त्यातली भीती, दुःख मागे राहतं. 'घर' म्हणजे त्यांना बऱ्याचदा विशिष्ट जागा नको असते, जिथे सगळं ओळखीचं होतं, जिथे आपल्याला काही किंमत होती, तिथे जायचं असतं. म्हणून बाजूला बसा, उभ्याने वरून बोलू नका, आणि विचारा, 'अण्णा, घरी कोण कोण वाट बघतंय?' 'अंगणात काय लावलं होतं हो?' बोलू द्या. पाच-दहा मिनिटं बोलले की आतली धग उतरते. मग 'निघू की, आधी चहा घेऊ' म्हणा. तरीही उठलेच तर अडवू नका, चपला घाला, तुम्ही सोबत जा, कोपऱ्यापर्यंत जाऊन या. परत येताना 'चला घरी' म्हणालात की बरेच जण त्याच दारातून शांतपणे आत येतात.

काही जण मला विचारतात की हे खोटं बोलणं नाही का. मला तसं वाटत नाही. मोठमोठ्या थापा रचू नका, 'गाडी येतेय पाच मिनिटांत' असं दहा वेळा सांगू नका, ते त्यांनाही जाणवतं आणि विश्वास जातो. पण त्यांच्या मनात जे चाललंय त्याला उत्तर देणं हा खरेपणाच आहे.

आणि 'ड्युटी आहे' म्हणतात ना, ही तर मला तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटली. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं तिकिटं फाडली, सुट्टे पैसे मोजले, वेबिल भरलं, त्याच्या हाताला दिवसभर काहीच काम नाहीये. रोज साडेचार-पाचला त्यांना टेबलापाशी बसवा, एक चामड्याची नाहीतर कापडी बॅग द्या, त्यात एक-दोन-पाच-दहाची नाणी, जुने कागद तिकिटांच्या आकाराचे कापून रबर लावलेले गठ्ठे, एक पेन, रकाने आखलेली वही. 'अण्णा, आजचा हिशोब लावून देता का' एवढंच म्हणा. नाणी वेगळी करतील, गठ्ठे मोजतील, चुकतील, चुकू द्या, बरोबर करायला जाऊ नका. कित्येक वर्षं हाताने केलेलं काम हातात राहतं, आठवणी गेल्या तरी. नाणी तोंडात घालायची सवय लागली असेल तर मात्र नाण्यांऐवजी मोठी बटणं किंवा नुसते कागद. झाल्यावर मनापासून 'बरं झालं, काम झालं' म्हणा. ड्युटी झाली की माणूस घरी येतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे.

आंघोळ. इथे जरा सविस्तर लिहिते कारण मारामारी बहुतेक घरात इथेच होते. आधी हा विचार करा की ज्या पिढीतला पुरुष आयुष्यभर बाईमाणसासमोर उघडा झाला नाही त्याचे कपडे एक अनोळखी बाई येऊन काढते, का काढतेय ते त्याला समजत नाही, ओली फरशी, प्लॅस्टिकच्या बादलीचा आवाज, अंगावर अचानक तांब्याभर पाणी. तो मारतो म्हणजे स्वतःला वाचवतो. शक्य असेल तर आंघोळीपुरता तास-दोन तासांसाठी एखादा मामा बघा, ब्युरोवाले पुरुष अटेंडंट देतात, थोडा खर्च जास्त होईल. किंवा तुमच्या मिस्टरांवर आरोप नसते तर त्यांना म्हटलं असतं, पण आत्ता त्यांना यात नकोच.

वेळ त्यांच्या जुन्या सवयीची ठेवा, पहाटेची ड्युटी करणारा माणूस पाचला आंघोळ करत असेल तर त्याला अकरा वाजता का. बाथरूम आधी गरम पाण्याने उबदार करून घ्या, फरशीवर रबरी मॅट, बसायला पाठ टेकता येईल अशी प्लॅस्टिकची खुर्ची, टॉवेल-कपडे सगळं हाताशी, मधेच सोडून जायला लागू नये. 'आंघोळ करायची' अशी घोषणा नको, 'चला अण्णा, पाय शेकू गरम पाण्याने' म्हणून न्या. कपडे सगळे एकदम काढायचे नाहीत, खांद्यावरून मोठा टॉवेल किंवा पंचा पांघरा आणि त्याच्या खालून एकेक भाग धुवा. सुरुवात पायांपासून, मग हात, मग पाठ, डोकं आणि चेहरा सगळ्यात शेवटी, डोक्यावरून पाणी ओतलेलं बहुतेकांना सहन होत नाही. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगा, 'आता डावा हात धुते'. त्यांच्या हातात दुसरा तांब्या किंवा साबण लावलेलं फडकं द्या, स्वतःचं पोट-छाती स्वतः धुवू दे.

अजून एक, हे मावशींनाही समजावून सांगा: आजार पुढे गेला की लहान बाळासारखं तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप आवळली जाते. मावशींचं मनगट घट्ट धरून ठेवतात, सोडत नाहीत, त्यातलं बरंच हे असतं, राग नसतो. हात खेचून सोडवायला गेलं की पकड वाढते. हाताच्या पाठीवरून हळू कुरवाळलं तर बोटं सैल पडतात. आणि आंघोळीआधीच मुठीत एक नॅपकिनची गुंडाळी दिली तर प्रश्नच मिटतो. नाहीच जमलं त्या दिवशी तर सोडून द्या, कोमट पाण्यात फडकं पिळून पलंगावरच अंग पुसा, काखा, जांघा, पार्श्वभाग एवढं स्वच्छ आणि कोरडं राहिलं की आठवड्यातून दोन आंघोळी या वयाला पुरतात. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आपला आग्रह असतो, त्यापायी रोज मार खायचा आणि रोज त्यांना घाबरवायचं, यात कुणाचंच भलं नाही.

पैशाच्या आरोपाबद्दल. तुमच्या मिस्टरांना सांगा की हे मनाला लावून घेऊ नका, सांगणं सोपं आहे ऐकणं जड आहे हे मला माहितेय. ठेवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि 'मी विसरलो' हेही आठवत नाही, मग मेंदू रिकामी जागा भरतो: कुणीतरी घेतली. आणि तो कुणीतरी म्हणजे घरात सगळ्यात जास्त दिसणारा माणूस. वाद घालू नका, पासबुक काढून पुरावे दाखवू नका. 'पैसे नाहीत? थांबा, आपण दोघं शोधू' म्हणून शोधायला लागा. त्यांच्या पाकिटासारखं अजून एक पाकीट आणून ठेवा, थोड्या दहा-वीसच्या नोटा घालून, आणि त्यांच्या लपवायच्या दोन-तीन ठरलेल्या जागा पाठ करून घ्या, उशीच्या अभ्र्यात, देवाच्या फोटोमागे, बहुतेक तिथेच सापडतं.

अंगावर आले तर काय करायचं: एक पाऊल मागे, हात खाली आणि उघडे, आवाज हळू, एकाच माणसाने बोलायचं, बाकीच्यांनी खोलीबाहेर जायचं. चार जणांनी घेरून हात-पाय धरणं यासारखं भडकवणारं दुसरं काही नाही. त्यांचा दाराकडचा रस्ता अडवून उभं राहू नका. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग दुसरा कुणीतरी नव्याने आत जाऊ दे, पाण्याचा पेला घेऊन. सुऱ्या, कात्र्या, काठी हाताशी राहणार नाही असं बघा आणि गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करा. पलंगाला बांधून ठेवणं नको, त्याने डिलिरियम वाढतो, जखमा होतात. बाहेर निघून जाण्याची भीती आहेच तर खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड, दारावर नेहमीच्या जागी नसलेली दुसरी कडी, आणि खालच्या वॉचमनला, वाण्याला, रिक्षा स्टँडवर फोटो दाखवून सांगून ठेवणं. मात्र त्यांना एकट्याला आत ठेवून बाहेरून कुलूप कधीच नको.

आता औषधं. मी औषधांच्या विरोधात नाही, रोज लिहूनही देते. हे सगळं नीट करूनही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल इतकं वागणं असेल, किंवा भास-संशयाने ते स्वतः हैराण असतील, झोप-जेवण गेलं असेल, तेव्हा औषध द्यावं लागतं. पण काय देतोय ते माहीत हवं. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही जी औषधं यासाठी वापरतात त्यांच्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००५ मधे, आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवर २००८ मधे, सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. साधारण १० आठवड्यांच्या अभ्यासांमधे औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के मृत्यू होते तर औषध घेणाऱ्यांत ४.५ टक्के. शिवाय पक्षाघात, पडणं, ताठरपणा, सतत गुंगी. आणि फायदा? काहींना होतो, मध्यम होतो, सगळ्यांना होत नाही. भटकणं, तोच प्रश्न परत परत विचारणं, आंघोळीला नाही म्हणणं, यावर ही औषधं चालतच नाहीत.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. नेमकं कोणतं वागणं कमी व्हावं म्हणून देताय? सगळ्यात कमी डोस कोणता? आणि कधी बघायचं, कधी बंद करायचं? चार आठवडे योग्य डोस देऊन फरक नाही तर कमी करत बंद करायचं, फरक पडला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघायचं, ही अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मी त्यांच्याच धोरणाने चालते. माझ्याकडे असे पेशंट येतात ज्यांना हॉस्पिटलमधे एकदा सुरू केलेली गोळी दोन-दोन वर्षं चालूच असते, कुणी विचारलेलंच नसतं.

एक धोक्याची गोष्ट. अण्णांना नसलेली माणसं, लहान मुलं, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात का, चालणं पार्किन्सनसारखं हळू आणि पाय घासत झालंय का, झोपेत हातपाय झाडतात ओरडतात का, हे आजार सुरू झाल्यापासूनच असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा ल्युई बॉडी डिमेन्शिया, म्हणजे डिमेन्शियाचा वेगळा प्रकार, असू शकतो आणि त्यात हॅलोपेरिडॉलचं एखादं इंजेक्शनही माणसाला लाकडासारखं ताठ करून जिवाशी खेळू शकतं. 'शांत होण्याचं इंजेक्शन' म्हणून बहुतेक ठिकाणी जे देतात ते हेच असतं.

डोनेपेझिल रात्री देत असाल आणि वाईट स्वप्नं पडून ओरडत उठत असतील तर ती सकाळी देता येते का विचारा. आणि गोळी घेत नाहीत म्हणून कुठलीही गोळी कुटून भाजीत घालू नका, काही गोळ्या हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात, कुटल्या की सगळा डोस एकदम जातो. पातळ औषध मिळतं का ते आधी विचारा.

शेवटी तुमच्याबद्दल. तुमचा भाऊ पुण्यावरून फोन करतो आणि म्हणतो 'माझ्याशी तर अण्णा छान बोलतात, तुम्हीच काहीतरी करता', हे वाचून मला वाईट वाटलं. फोनवर दहा मिनिटं, पाहुण्यांसमोर अर्धा तास, हे पेशंट स्वतःला गोळा करून व्यवस्थित बोलू शकतात, आणि नंतर त्याचा शीण तुमच्यावर निघतो. भाऊ खोटं बोलत नाहीये, त्याला दिसतं तेवढंच तो सांगतोय, म्हणून त्याला बोलवा. 'अण्णांना आठ दिवस घेऊन जा' असं करू नका, जागा बदलली की ते आणखी बिघडतील. तो येऊन तुमच्या घरी आठ दिवस राहू दे, संध्याकाळ आणि रात्र त्याच्याकडे, आणि तुम्ही त्या आठ दिवसांत रात्री दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. मावशींच्या पगारातला वाटा, मामांचा खर्च हेही त्याच वेळी समोरासमोर बोलून घ्या. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांमधे अंदाजे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे आणि त्यातले बहुतेक जण असेच घरात, कुणा एका मुलीच्या किंवा सुनेच्या अंगावर आहेत. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, रडू येत असेल, हात उचलला जाईल की काय अशी भीती वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसाठीच्या मदतीची माहिती १४५६७ या एल्डरलाइनवर मिळते.

पण आधी सोडियम, शुगर, लघवी, पोट आणि गोळ्यांची पिशवी. ताप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, नवीन तोतरेपणा, उठवूनही नीट जागे न होणं, दिवसभरात लघवीच न होणं, डोक्यावर पडणं, यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी सरळ हॉस्पिटलला न्या. रिपोर्ट आले की आणि वहीतल्या आठवडाभराच्या नोंदी झाल्या की परत लिहा, सोबत सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस लिहा, म्हणजे पुढचं त्यावरून सांगता येईल.